सुई भरीव की पोकळ? ॲक्युपंक्चरची नोंदणी आणि पॉइंट इंजेक्शन

मृण्मयी_नाशिक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

मी नाशिकला गेली नऊ वर्षं ॲक्युपंक्चरची प्रॅक्टिस करते. महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेकडे रीतसर नोंदणी आहे, प्रमाणपत्र क्लिनिकमध्ये दर्शनी भिंतीवर लावलेलं आहे. मूळ शिक्षण बी.एस्सी. मी एमबीबीएस नाही, बीएएमएस किंवा बीएचएमएसही नाही. हे आधीच सांगते, कारण माझा प्रश्न तिथेच येऊन अडतो.

गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपवर एका कार्यशाळेची जाहिरात आली. 'ॲक्युपॉइंट इंजेक्शन थेरपी', शनिवार-रविवार दोन दिवस, फी अठरा हजार. नेहमीच्या बारीक भरीव सुईऐवजी सिरिंज घ्यायची आणि बिंदूवर थोडं औषध सोडायचं: बी-१२, सलाइन, कुठे लिग्नोकेन (जागा बधिर करायचं औषध). शेवटी प्रमाणपत्र मिळणार आणि त्यावर अमेरिकेतल्या कुठल्याशा संस्थेचा शिक्का असणार. जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलंय, 'अमेरिकेत ॲक्युपंक्चरिस्टना याची कायद्याने परवानगी आहे'.

माझ्या ओळखीचे दोघं हे करायलाही लागलेत. पेशंटही विचारतात. सिन्नरहून एक आजी गुडघ्यांसाठी येतात, त्या परवा म्हणाल्या, "बाई, तुम्ही नुसत्या सुया लावता, त्या दुसऱ्यांकडे सुईतून औषध पण देतात." मी पाच हजार आगाऊ भरून बसले आहे आणि आता रात्री झोप लागत नाही.

माझी नोंदणी मला हे करू देते का? आणि अमेरिकेत नक्की काय आहे? माहीतगारांनी कृपया लिहा.

शाल्मली_सिॲटल

मृण्मयी, तुझा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी वॉशिंग्टन राज्यात ॲक्युपंक्चर करते (राजधानीचं शहर नव्हे, पश्चिम किनाऱ्यावरचं राज्य). आणि हो, मी बिंदूंवर इंजेक्शन देते, कायद्याने देते. पण 'अमेरिकेत परवानगी आहे' हे वाक्य मुळात चूक आहे. देशभर चालणारं असं एकच लायसन्स इथे नाही. लायसन्स राज्य देतं आणि त्या लायसन्सखाली काय काय करता येईल हेही राज्यच लिहून ठेवतं. राज्याची हद्द ओलांडली की तोच हात, तीच सुई, पण हक्क बदलतो.

आमच्याकडे कायद्यातच ॲक्युपंक्चरच्या व्याख्येत 'पॉइंट इंजेक्शन' हा शब्द आहे. त्याला दुसरं नाव 'ॲक्वापंक्चर'. नियमात पुढे स्पष्ट केलंय की त्वचेत, त्वचेखाली किंवा स्नायूत. शिरेत नाही. काय टोचायचं याचीही मर्यादा आहे: सलाइन, निर्जंतुक पाणी, वनस्पती, खनिजं, द्रवरूप जीवनसत्त्वं, होमिओपॅथिक आणि पोषक द्रव्यं. नियंत्रित औषधं आणि स्टिरॉइड यांना सरळ मनाई. म्हणजे गुडघ्यात कॉर्टिसोन देणं माझं काम नाही, ते ऑर्थोपेडिकवाल्यांचं.

आणि लायसन्स हातात आलं म्हणून उद्यापासून सिरिंज धरली असंही चालत नाही. आधी किमान २४ तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि त्यातले किमान ८ तास प्रत्यक्ष हाताने करण्याचे. हे २४ तास तीन-चार वर्षांच्या मास्टर्सनंतरचे आहेत हे लक्षात घे. त्या मास्टर्समध्ये शरीररचना, रोगनिदान, कुठला पेशंट लगेच डॉक्टरकडे पाठवायचा, हे सगळं आधीच झालेलं असतं. निर्जंतुक सुई हाताळण्याची वेगळी परीक्षा तर लायसन्सच्याही आधी द्यावी लागते.

माझ्या बॅचमधली एक मैत्रीण नवऱ्याच्या नोकरीमुळे सॅन होजेला गेली. कॅलिफोर्नियाची स्वतःची वेगळी परीक्षा असते, ती पास झाली, लायसन्स मिळालं. पण तिथल्या लायसन्समध्ये इंजेक्शन बसत नाही. इथे चार वर्षं रोज जे काम केलं ते तिथे गेल्यावर गुन्हा ठरला असता. तिने सिरिंजचे उरलेले बॉक्स मला देऊन टाकले.

त्यामुळे त्या जाहिरातीतल्या शिक्क्याचा तुला नाशिकमध्ये काही उपयोग नाही. मलासुद्धा शेजारच्या राज्यात नाही.

टँपाकर

मी पेशंटच्या बाजूने लिहितो. पाठीसाठी इथे फ्लोरिडात दोन वर्षं ॲक्युपंक्चर घेतोय, त्यात कधीकधी अशी इंजेक्शनंही असतात. पहिल्या वेळी बाईंनी स्वतःहून त्यांची कागदपत्रं दाखवली आणि नियम समजावला, तेव्हाच कळलं.

फ्लोरिडात हे मार्च २००२ पासून अधिकृत आहे. वनस्पतिजन्य, होमिओपॅथिक आणि पोषक द्रव्यं निर्जंतुक स्वरूपात ॲक्युपंक्चरच्या बिंदूंवर. शिरेतून नाही, हे तिथेही स्पष्ट लिहिलंय. त्यासाठी ६० तासांचं शिक्षण लागतं. त्यात द्रव्यांचे गुण आणि ती कधी देऊ नयेत, साठवण, शरीररचनेची उजळणी, रक्तातून पसरणाऱ्या आजारांपासून बचाव, कचऱ्याची विल्हेवाट, आणि पेशंटवर प्रत्यक्ष १० तास. आमच्या बाईंनी सांगितलेलं एक लक्षात राहिलं. म्हणाल्या, साठ तासांतला जास्त वेळ टोचायला शिकण्यात नाही गेला, कधी टोचायचं नाही हे शिकण्यात गेला.

शाल्मली_सिॲटल

@टँपाकर, बरोबर. २४ आणि ६० हा फरकच बघा ना, एकाच देशात.

न्यू मेक्सिको आणखी पुढे आहे. तिथे लायसन्सवर 'डॉक्टर ऑफ ओरिएंटल मेडिसिन' असं लिहितात. इंजेक्शनसाठी मूळ लायसन्सखेरीज मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि त्यातही पायऱ्या आहेत: प्राथमिक इंजेक्शन, इंजेक्शन थेरपी, शिरेतून देणं, हार्मोन. प्रत्येक पायरीचं शिक्षण वेगळं, औषधांची यादी वेगळी. मला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते. 'तू कोण आहेस' एवढ्यावर न थांबता 'तू नेमकं काय टोचणार आहेस' हे राज्य विचारतं.

टेक्सासमध्ये कायद्याची व्याख्याच ॲक्युपंक्चरची सुई त्वचेत घालण्याभोवती बांधलेली आहे. त्यात औषध सोडायला जागा नाही.

ॲड_सावंतवाडी

मृण्मयीताई, आता घरच्या कायद्याकडे येतो. मी वकील आहे, वैद्यकीय निष्काळजीपणाच्या केसेस करतो, दोन्ही बाजूंनी. खाली लिहितोय ती माझी समज आहे. तुमची कागदपत्रं घेऊन वकिलाला प्रत्यक्ष भेटाच.

ॲक्युपंक्चरला आपल्याकडे मान्यता टप्प्याटप्प्याने मिळाली. २५ नोव्हेंबर २००३ च्या केंद्राच्या आदेशात ती 'उपचाराची एक रीत' होती. नोंदणीकृत व्यावसायिक किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी करावी, एवढंच. पश्चिम बंगालने १९९६ मध्येच कायदा केला होता. आपल्याकडे महाराष्ट्र ॲक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियम, २०१५ आला, त्यातून परिषद आणि नोंदवही आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रानेही ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हटलं. तुमच्यासारख्या लोकांनी पंचवीस-तीस वर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या तेव्हा हे झालंय. त्या नोंदणीची किंमत मोठी आहे, आणि म्हणूनच ती कशासाठी आहे हे नीट बघायला हवं.

ती नोंदणी तुम्हाला ॲक्युपंक्चर करण्याचा हक्क देते. औषध देण्याचा हक्क दुसऱ्याच कायद्यातून येतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खालच्या नियमांत २(ईई) नावाचा नियम आहे, 'नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक' कोण हे सांगणारा. आधुनिक वैद्यकाच्या राज्य नोंदवहीत नाव असलेला, किंवा राज्य सरकारने आदेश काढून तसा घोषित केलेला. महाराष्ट्राने २५ नोव्हेंबर १९९२ ला असा आदेश आयुर्वेदाच्या काही पदवीधरांसाठी काढला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मुख्तियार चंद खटल्यात या नियमाचा पूर्ण कीस काढला आहे. ॲक्युपंक्चरिस्टसाठी असा आदेश माझ्या पाहण्यात नाही.

म्हणजे तुमची परिषद आणि औषधाची बाटली यांच्यामध्ये पूलच बांधलेला नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेने तो बांधला जात नाही.

"बी-१२ तर जीवनसत्त्व आहे", "सलाइन तर मिठाचं पाणी आहे" हे युक्तिवाद मी कोर्टात ऐकलेत. कायद्यात 'औषध'ची व्याख्या खूप रुंद आहे. माणसाच्या आजारावर उपचार म्हणून वापरायचा पदार्थ तिच्यात येतो. इंजेक्शनचं पाणीसुद्धा परवाना घेऊन औषध म्हणूनच बनतं आणि विकलं जातं.

आणखी एक. अमेरिकेत वनस्पतींची इंजेक्शनं चालतात म्हणून इथे आयुर्वेदिक अर्काचं इंजेक्शन देऊ, असं कुणी सुचवलं तर त्याच १९४० च्या कायद्यात आयुर्वेदाच्या पेटंट-प्रोप्रायटरी औषधाची व्याख्या वाचा. टोचून द्यायचं औषध तिच्यातून शब्दशः वगळलेलं आहे.

शिक्षा हवी असेल तर राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याचं कलम ३४ बघा: नोंदणीशिवाय वैद्यक व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. राज्याच्या १९६१ च्या वैद्यक व्यावसायिक कायद्यातलं कलम ३३ वेगळंच.

पण मला जास्त काळजी नुकसानभरपाईची वाटते. १९९६ चा पूनम वर्मा खटला आपल्या मुंबईतला. होमिओपॅथीची पात्रता असलेल्या डॉक्टरांनी तापाच्या पेशंटला ॲलोपॅथीची औषधं दिली, पेशंट दगावला. न्यायालयाने म्हटलं, ज्या शास्त्राची पात्रता नाही त्यात हात घालणं हाच निष्काळजीपणा, तो वेगळा सिद्ध करायला नको. तीन लाखांची भरपाई झाली. हे कळीचं आहे ताई. तुम्ही इंजेक्शन कितीही सुरेख दिलंत, हात कितीही हलका असला, तरी काही बिघडलं तर "मी काळजी घेतली होती" हा बचाव तुमच्या हाती उरतच नाही.

कोयनाकाठ

वकीलसाहेबांचा मुद्दा मान्य, पण मला थोडं वेगळं बोलायचंय.

मी बीएचएमएस आहे, सोबत ॲक्युपंक्चर करतो, पाटण तालुक्यात. आमच्याकडे रात्री दहा वाजता ताप आलेलं पोर घेऊन माणूस येतो तेव्हा कायद्याचं पुस्तक कुठे बघणार? गावात कंपाउंडरने इंजेक्शन दिलेलं चालतं, मेडिकलवाला देतो ते चालतं, आणि नऊ वर्षं रोज चाळीस-पन्नास सुया लावणारी बाई बी-१२ दिलं तर गुन्हेगार? तिचा हात त्या कंपाउंडरपेक्षा शंभर पटीने तयार आहे.

आम्हा होमिओपॅथांचंही तसंच झालं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स काढला, शिकवला सरकारी मेडिकल कॉलेजांत. आणि २०२५ उजाडलं तरी वैद्यक परिषदेकडच्या नोंदणीवरून आंदोलनं चालूच. नियम बदलायचे तर कुणीतरी आधी काम करून दाखवायला लागतं.

ॲड_सावंतवाडी

डॉक्टर, तुमची तळमळ खरी आहे. कंपाउंडरने दिलेलं चालतं असं नाही, पकडलं जात नाही इतकंच.

तुमच्याच उदाहरणात माझं उत्तर आहे बघा. होमिओपॅथांनी आधी कायद्यात दुरुस्ती करून घेतली, मग अभ्यासक्रम आला, मग नोंदणीचा प्रश्न आला. विधिमंडळाचा कायदा आणि सरकारी कॉलेजातलं एक वर्ष पाठीशी असूनही वाद संपलेला नाही. मग हॉटेलच्या हॉलमधल्या शनिवार-रविवारवर मृण्मयीताईंनी काय म्हणून उभं राहायचं?

डॉ_घाटमाथा

मी भूलतज्ज्ञ आहे, साताऱ्याजवळ. वाद कायद्याचा चाललाय, मी शरीराचं सांगतो.

तुमची नेहमीची सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची, टोक गोलसर निमुळतं. ती पेशींना बाजूला सारत जाते. इंजेक्शनची सुई पोकळ, टोकाला तिरकी धार. ती कापत जाते. २५ नंबरची सुई अर्धा मिलिमीटर जाड असते. शिवाय ती मागे द्रव सोडते, दाब तयार करते. म्हणून भरीव सुईसाठी जी खोली निर्धास्त वाटते ती पोकळ सुईला तशी मानू नका. खांद्यावरचा जीबी-२१ बिंदू घ्या, चिनी नाव जियानजिंग. खाली फुप्फुसाचं टोक आहे. भरीव सुईनेही तिथे फुप्फुसाला भोक पडल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात आहेत. नितंबातल्या जीबी-३० खालून सायटिक नस जाते. भरीव सुई नसेला लागली तर झिणझिण्या येतात, पेशंट ओरडतो, तुम्ही सुई मागे घेता. नसेत औषध गेलं तर पाऊल कायमचं लुळं पडू शकतं.

आणि दुसरं, ज्याच्यासाठी मी आयुष्यभर जागा राहिलोय. ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया. बी-१ म्हणजे थायमिन टोचल्यावर ती झालेली आहे. बी-१२ ने क्वचित, पण झालेली आहे. लिग्नोकेन रक्तवाहिनीत गेलं तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते. अशा वेळी हातात मिनिटं असतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रिनलिन, प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, पाय वर, ऑक्सिजन, शिरेची लाइन.

काही वर्षांपूर्वी संध्याकाळी आमच्याकडे एक बाई आणली. वय चाळीसच्या आत. एका क्लिनिकमध्ये पाठीवर 'ताकदीचं' इंजेक्शन दिलं होतं. देणारा माणूस घाबरून रिक्षात घालून घेऊन आला होता. अंगभर गांध्या, बीपी लागत नव्हतं. वाचली. रिक्षा वाटेत फाटकाला अडकली असती तर वाचली नसती. काय दिलं विचारलं तर त्याला बाटलीवरचं नावसुद्धा नीट सांगता येईना. त्याच्या क्लिनिकमध्ये ॲड्रिनलिन नव्हतं. आणायला गेला असता तर कुठल्या हक्काने आणणार होता? ज्याला औषध द्यायचा हक्क नाही त्याला उताराही ठेवता येत नाही. मृण्मयी, माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

शाल्मली_सिॲटल

डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्यासाठी हात जोडते.

आमच्याकडे इंजेक्शनची परवानगी आणि ॲड्रिनलिन-ऑक्सिजन वापरण्याची परवानगी एकाच कायद्यात आहे. आणीबाणीत पेशंटला सावरण्यापुरती. पहिलीबरोबर दुसरी यायलाच हवी. माझ्या खोलीत ॲड्रिनलिन भरलेली दोन तयार इंजेक्शन-पेन कायम असतात, मुदतीची तारीख दर महिन्याच्या एक तारखेला बघते. इंजेक्शन दिलं की पेशंटला अर्धा तास बसवून ठेवते, त्याला कितीही घाई असू दे.

द्रव्य कुठून येतं हाही मोठाच विषय. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका औषधशाळेत बनलेली स्टिरॉइडची इंजेक्शनं बुरशीने दूषित निघाली, मेंदुज्वराची साथ आली आणि साठाहून जास्त माणसं गेली. ती इंजेक्शनं डॉक्टरांनीच दिली होती, पूर्ण हक्काने. पुढच्याच वर्षी अशा औषधशाळांसाठी नवीन कायदा आला. मी आजही प्रत्येक बाटलीचा बॅच नंबर पेशंटच्या कागदावर लिहिते. विम्याचंही तसंच. ॲक्युपंक्चरचा विमा आहे म्हणजे इंजेक्शनचा आहे असं धरून चालू नये, कंपनीकडून लेखी घ्यावं.

सोलापुरी_चादर

थोडं अवांतर, पण राहवत नाही. आमच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी ॲक्युपंक्चर भारतात आणलं असं अनेक क्लिनिकच्या माहितीपत्रकांत छापलेलं असतं. कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते शल्यचिकित्सक म्हणून, युद्धातल्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला. ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. ॲक्युपंक्चर इकडे आणलं ते त्याच पथकातले त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी. ते १९५० च्या दशकात पुन्हा चीनला गेले, शिकले आणि कोलकात्यात सुरू केलं. दोघंही मोठे. पण ज्याचं श्रेय त्याला द्यावं.

आणि बसू स्वतः आधुनिक वैद्यकाचे डॉक्टर होते हेही या धाग्यात सांगण्यासारखं.

शाल्मली_सिॲटल

@सोलापुरी_चादर, अजिबात अवांतर नाही. चीनमध्ये या प्रकाराला 'श्वेजन' म्हणतात, पाण्याची सुई. गेल्या शतकाच्या मध्यात, ॲक्युपंक्चर आणि पाश्चात्त्य वैद्यक एकाच हॉस्पिटलात आलं तेव्हा ते रुजलं. देणारे डॉक्टर होते, दोन्ही शास्त्रं शिकलेले. 'हजारो वर्षांची परंपरा' म्हणून जाहिरातीत विकतात ते खरं नाही, कारण पोकळ सुईची सिरिंजच एकोणिसाव्या शतकातली.

अनघा_ठाणे

मी यातली कुणीच नाही. माझी आई मानेसाठी एका ॲक्युपंक्चरवाल्यांकडे जाते. हा धागा वाचून काल तिला विचारलं तर म्हणाली, मागच्या दोन वेळा "एक छोटं इंजेक्शन पण दिलं". कसलं ते तिला माहीत नाही. ती रक्त पातळ करायच्या गोळ्या घेते. मी आता काय विचारायचं? भांडायला जायचं नाहीये, त्यांच्यामुळे तिची मान खरंच बरी आहे.

डॉ_घाटमाथा

अनघा, रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला स्नायूत खोल इंजेक्शन दिलं तर आत रक्त साकळू शकतं. आज आईला बघा. जागा सुजलीय, काळीनिळी आहे, हात बधिर वाटतोय, असं काही असेल तर फोनवर चर्चा करत बसू नका, दाखवा. काही नसेल तर उत्तम. पण पुढचं इंजेक्शन तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

ॲड_सावंतवाडी

शांतपणे जा आणि दोन गोष्टी मागा. जे इंजेक्शन दिलं त्याचं नाव, मात्रा आणि तारीख कागदावर. आणि ते कुणाच्या सल्ल्याने दिलं त्या डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक. ॲक्युपंक्चर परिषदेचा क्रमांक वेगळा आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा वेगळा, गल्लत करू नका. दुसरा क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

कदाचित ते स्वतः एमबीबीएस असतील. मग प्रश्न कायद्याचा उरत नाही, फक्त काळजीचा उरतो. आधीच वाईट धरून जाऊ नका.

लालपिशवी

मी जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्यांच्या कामात आहे, म्हणून माझ्यापुरतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेल्या सुया पांढऱ्या अर्धपारदर्शक, भोक न पडणाऱ्या डब्यात. ॲक्युपंक्चरच्या सुयाही त्यातच. सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. काचेच्या बाटल्या निळ्या खुणेच्या डब्यात. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र लागतं, खाटा नसलेल्या क्लिनिकलाही.

मला एकच विनंती करायची आहे. घरगुती कचऱ्यात सुई टाकू नका. आमच्या पोरांच्या हाताला लागते. कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हाताला लागते. त्यांना ती सुई कुणाची होती हे कधीच कळत नाही, आणि पुढचे सहा महिने त्या तपासण्या करत फिरतात.

कोयनाकाठ

दोन दिवस विचार केला. डॉक्टरांनी त्या बाईचं लिहिलंय ते डोक्यातून जात नाही.

एक व्यवहार्य प्रश्न. डॉक्टर आणि ॲक्युपंक्चरिस्ट एकत्र काम करत असतील तर? डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायची, इंजेक्शन मृण्मयीताईंनी द्यायचं. नर्स देतेच की.

ॲड_सावंतवाडी

नर्स देते कारण तिची स्वतःची परिषद आहे, तिच्या अभ्यासक्रमात इंजेक्शन आहे आणि ती डॉक्टरांच्या आदेशावर काम करते. ॲक्युपंक्चरिस्टच्या बाबतीत यातली पहिली गोष्ट आहे, दुसरी नाही. चिठ्ठीच्या आड उभं राहिलात तर काही झाल्यावर डॉक्टर आणि तुम्ही दोघंही अडकता.

जे होऊ शकतं ते असं: पेशंट डॉक्टरांनी तपासायचा, औषध त्यांनी ठरवायचं, टोचायचंही त्यांनीच. बिंदू कुठला हे तुम्ही दाखवा. तुमच्या सुया तुम्ही लावा. दोन वेगळे कागद, दोन वेगळ्या सह्या.

आणि खरोखर ही विद्या ॲक्युपंक्चरिस्टच्या हातात यावी असं वाटत असेल तर परिषदेकडे जा. अभ्यासक्रम मागा, तासांची संख्या मागा, द्रव्यांची यादी मागा, ॲड्रिनलिनचा हक्क मागा. नियम २(ईई) चा प्रश्नही सरकारसमोर मांडा. फ्लोरिडा-वॉशिंग्टनचे नियम जोडपत्र म्हणून लावा. अर्जाचा मसुदा मी फुकट करून देईन.

शाल्मली_सिॲटल

नियमांच्या प्रती मी देते. आणि माझ्या प्रशिक्षणाची वेळापत्रकंही, कुठल्या तासाला काय शिकवलं ते.

अनघा_ठाणे

जाऊन आले. आईला काही झालेलं नाही, जागा स्वच्छ आहे. त्यांनी बी-१२ दिलं होतं. ते डॉक्टर नाहीत. मी कागद मागितल्यावर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ताई, कोर्समध्ये चालतं म्हणून सांगितलं होतं." पुन्हा देणार नाही म्हणाले. रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं त्यांनी आधी विचारलंच नव्हतं, ते मात्र त्यांनी मान्य केलं. आईच्या सुया चालू ठेवल्या आहेत.

मृण्मयी_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस एकेक प्रतिसाद दोन-दोनदा वाचला.

कार्यशाळावाल्यांना फोन केला. तीन प्रश्न विचारले. महाराष्ट्रात माझ्या नोंदणीवर हे कुठल्या तरतुदीखाली बसतं? शिकवणाऱ्यांची वैद्यकीय नोंदणी काय? पेशंटला प्रतिक्रिया आली तर ॲड्रिनलिन कोण देणार? पहिल्यावर म्हणाले अमेरिकेत चालतं. दुसऱ्यावर म्हणाले सर खूप अनुभवी आहेत. तिसऱ्यावर म्हणाले, असं कधी होत नाही. मी नाव काढून घेतलं. आगाऊ रक्कम परत देणार नाहीत म्हणे. राहू दे.

माझ्या ओळखीच्या त्या दोघांना हा धागा पाठवला. एक जण फोन करून बराच वेळ बोलला, त्याच्या घरात लहान मुलगी आहे, त्याला कलम ३४ ने हादरवलं. दुसऱ्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक एमडी मॅडम बसतात. सिन्नरच्या आजींना त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी रक्त तपासलं, बी-१२ खरंच कमी निघालं. आता इंजेक्शन त्या देतात, दंडात, साधंसुधं. गुडघ्याला सुया मी लावते, मंगळवार आणि शुक्रवार. आजींना विचारलं, दोन जिने चढायला त्रास होतो का? म्हणाल्या, "उतरताना होतो, चढताना नाही." ते माझ्या केसपेपरवर लिहून ठेवलं आहे.

@ॲड_सावंतवाडी, मसुद्यासाठी व्यक्तिगत निरोप केला आहे. नाशिक जिल्ह्यातून सात जण सह्या द्यायला तयार आहेत. @शाल्मली, वेळापत्रकं आधी पाठवशील का? तासांचा आकडा आम्ही २४ मागायचा की ६०, यावर इथे आमचं अजून एकमत झालेलं नाही. माझं मत ६० च्या बाजूने आहे.

@लालपिशवी, पांढरा डबा माझ्याकडे पहिल्यापासून आहे. अधिकारपत्र नव्हतं. अर्ज काल भरला.